पाऊस गेला की कुंड्यांची माती आधी बघा
गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनो, मुंबईत पाऊस थांबला की लगेच बिया टाकू नका. चार महिन्यांच्या पावसात माती दगडासारखी बसलेली असते, खतही बरंचसं वाहून गेलेलं असतं, म्हणून कुंडी रिकामी करा, खालची भोकं मोकळी करा (ती हमखास बुजलेली असतात!) आणि माती पेपरवर पसरून तीन-चार दिवस कडक ऊन द्या, मग दोन भाग मातीत एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड (कडुलिंबाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा) मिसळा. ऑक्टोबर हीटमध्ये कोवळी रोपं करपतात, दुपारी ग्रीन नेट (सावलीसाठीची हिरवी जाळी) हवीच. सुरुवात मेथीने करा, घरातलेच दाणे रात्रभर भिजवून पेरले तरी महिन्याभरात जुडी निघते. टोमॅटो, वांग्याची रोपं मात्र संध्याकाळीच लावा.