पहिले बारा आठवडे: बाळाच्या जागरणात आईबाबांनी झोप कशी राखायची

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. त्याला झोप पुरते, कमी पडते ती घरातल्या मोठ्यांना. म्हणून पहिले बारा आठवडे बाळाची झोप लांबवायच्या मागे लागू नका. ती वयाप्रमाणे आपोआप लांबते. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. दर जागरण लवकर आटोपायचं, आणि आई व बाबा दोघांनाही रोज एक चार-साडेचार तासांचा सलग तुकडा मिळेल अशी रात्रीची वाटणी करायची. पाच ठिकाणी तुटलेल्या सात तासांपेक्षा सलग चार तास आणि वर दिवसाच्या दोन डुलक्या अंगाला जास्त लागतात.

बाळ का उठतं

पोट लहान असतं. पहिल्या दिवशी चमचाभर चीक पुरतो, दहाव्या दिवसाच्या आसपास एका वेळी साधारण ६० मिली दूध मावतं. आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं, त्यामुळे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागणं हेच सर्वसाधारण आहे. रात्र झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन बाळाचं स्वतःचं असं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तयार होऊ लागतं. त्याआधी रात्रीचे दोन आणि दुपारचे दोन त्याला सारखेच.

जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि १० ते १४ दिवसांत भरून येतं. तेवढे दिवस बाळ झोपून राहिलं तरी दिवसा दर तीन तासांनी आणि रात्री जास्तीत जास्त चार तासांनी उठवून पाजा. कावीळ असलेली आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं सुस्त असतात, भूक लागली तरी उठत नाहीत. त्यांच्या बाबतीत हे फारच काटेकोर पाळा. वजन भरून आलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मग झोपलेल्या बाळाला रात्री उठवायचं काही कारण उरत नाही.

नऊच्या आत हाताशी काय हवं

एका मोठ्या ताटात किंवा टोपलीत चार लंगोट किंवा डायपर, दोन झबली, तीन मऊ दुपटी, पुसायला सुती फडकी आणि कोमट पाण्याचा छोटा थर्मास ठेवा. आईसाठी पाण्याची बाटली आणि एखादा डिंकाचा लाडू; पाजायला घेतलं की तहान हटकून लागते. दिवा झिरोचा, पिवळा किंवा लाल, आणि बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा खाली लावलेला. ट्यूबलाइट लावली की बाळ तर जागं होतंच, आईचीही झोप उडते. मोबाइलचं तेच. किती वाजता पाजलं हे लिहून ठेवायचं तर उशाशी वही-पेन्सिल ठेवा.

जागरण आटोपतं कसं घ्यायचं

बाळ कुरकुरलं, हातपाय हलवले, तोंड वेडंवाकडं केलं तरी लगेच उचलू नका. एक-दोन मिनिटं थांबा. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी हलती असते: डोळे पापणीआड फिरतात, मधेच हसू येतं, रडल्यासारखा आवाजही येतो, आणि बाळ झोपेतच असतं. अशा वेळी उचललं तर झोपलेलं बाळ आपणच उठवतो. घरोघरी सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

भूक वेगळी दिसते. मूठ तोंडाशी जाते, जीभ बाहेर येते, मान दोन्हीकडे वळून काहीतरी शोधते. या खुणा दिसल्या की लगेच पाजायला घ्या. रडं फुटेपर्यंत थांबलं तर आधी शांत करण्यातच वीस मिनिटं जातात, आणि रडून दमलेलं बाळ अर्धं पिऊनच झोपतं. तासाभरात पुन्हा उठतं.

क्रम असा ठेवा: एका बाजूला पाजा, ढेकर काढा, मग लंगोट बदला आणि नंतर दुसरी बाजू द्या. लंगोट मध्ये बदलल्याने पेंगुळलेलं बाळ थोडं जागं होतं आणि दुसऱ्या बाजूला नीट पितं. शेवटी बदललं तर झोपलेलं उठतं. आधी बदललं तर पिताना पुन्हा शी होते. फक्त शू झाली असेल आणि चांगला डायपर असेल तर रात्री बदलू नका. शी झाली की मात्र लगेच. ढेकर पाच मिनिटांत आला नाही तर सोडून द्या, दर वेळी येतोच असं नाही.

बोलणं, खेळवणं, दुपट्यावरच्या चित्रांचं कौतुक सगळं सकाळी. रात्री आवाज कुजबुजीचा.

मांडीवर झोपलेलं बाळ खाली ठेवताच उठतं, कारण झोप अजून खोल गेलेली नसते. २०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २१ बाळांवर केलेल्या अभ्यासातून सोपी रीत सुचवली: रडणाऱ्या बाळाला घेऊन सुमारे पाच मिनिटं न थांबता संथ चाला, ते झोपलं की घेऊनच ५ ते ८ मिनिटं बसून राहा, मग ठेवा. दर वेळी जमेलच असं नाही, पण मधली बसण्याची मिनिटं गाळू नका. हात उचलून सोडला आणि तो लुळा पडला, की ठेवायला हरकत नाही. आधी पाय आणि कुल्ले टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी टेकवलं तर पडल्याच्या भासाने दोन्ही हात उडतात आणि बाळ दचकून उठतं. ठेवल्यावर छातीवरचा हात मिनिटभर तसाच राहू द्या.

दचकणं कमी व्हावं म्हणून दुपट्यात गुंडाळत असाल तर हात आवरा, पण कंबरेखाली सैल ठेवा; पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. बाळ कुशीवर वळायच्या खटपटीला लागलं की गुंडाळणं बंद.

रात्रीची वाटणी

रात्री नऊ ते दीड हा आईचा सलग तुकडा, दीड ते सहा बाबांचा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी असाल तर बाबांच्या जागी आजी, मावशी, जी कोणी घरात असेल ती. आई नऊला पाजते आणि झोपते. पुढे बाळ उठलं की जागा असणारा माणूसच थोपटणं, फिरवणं, लंगोट सगळं बघतो.

पहिला महिनाभर दूध नीट बसायचं असतं, म्हणून या वेळात एकदा आईला पाजावं लागेल. मात्र तिने उठायचं नाही. बाळाला तिच्याजवळ आणून द्या, तिने कुशीवर झोपूनच पाजायचं, आणि पाजणं होईपर्यंत जाग्या माणसाने शेजारीच थांबून बाळ परत घ्यायचं. ढेकर-लंगोट त्याचा. आईचं जागरण वीस मिनिटांत संपतं आणि ती पुन्हा चटकन झोपते.

महिन्यानंतर एक वेळ काढलेलं दूध देता येतं. सकाळच्या पाजण्यानंतर छाती भरलेली वाटते, तेव्हा ६० ते ९० मिली काढा. हे दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस टिकतं. नागपूरच्या मे महिन्यात खोलीवर विसंबू नका, थेट फ्रिजमध्ये ठेवा. देताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून गरम करा, आणि बाळाला अर्धवट बसतं धरून वाटी-चमच्याने घोट घोट पाजा. झोपेतून उठल्यावर आईची छाती दगडासारखी झाली असेल तर हाताने थोडंसंच दूध काढा, मऊ पडेपर्यंत. पूर्ण रिकामी केली तर दूध आणखी वाढतं. तशीच साठू दिली तर गाठी होतात आणि ताप येतो.

पावडरचं दूध असेल तर पहिल्या आठवड्यानंतर साधारण हिशेब किलोमागे दिवसाला १५० मिली. साडेतीन किलोच्या बाळाला दिवसाचे ५२५ मिली, आठ वेळांत प्रत्येकी ६५ मिलीच्या आसपास. उकळून थोडं निवलेलं, पण ७० अंशांच्या खाली न गेलेलं पाणी आधी मोजा, मग डब्यावर लिहिलेले सपाट चमचे घाला, आणि वाटी गार पाण्यात धरून निववा. उरलेलं टाकून द्या. जास्त झोपेल म्हणून पावडर कधीही दाट करू नका: बद्धकोष्ठ होतो, शरीरातलं पाणी कमी पडतं.

एकटीनेच रात्र काढायची असेल तर रात्रीची झोप तुटणारच. तेव्हा दिवसाचे दोन तास कोणीतरी बाळ सांभाळेल अशी माणसं आधीच ठरवून ठेवा.

सकाळची न्हाणी आणि त्यानंतरचे तीन तास

आपल्याकडे मालिशवाली बाई सकाळी आठला दारात हजर असते. पहाटे पाचला पाजून झोपलेल्या बाळंतिणीला हे फार जड जातं. वेळ दहाची करून घ्या. न्हाऊन बाळ दोन-तीन तास गाढ झोपतं. आईचा दुसरा तुकडा हाच, आणि नेमका याच वेळी तिला जेवायला उठवतात, पाहुणे येतात, बाळंतविडा दाखवायचा असतो. पाहुण्यांना चारनंतर बोलवा आणि जेवण तिला न्हाण्याआधी द्या. मात्र बाळाची ही झोप तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका. दिवसा पोट कमी भरलं तर रात्री तेवढी भूक निघते. दिवसा पडदे उघडे असू द्या, कुकरच्या शिट्ट्याही चालू द्या.

न्हाण्यानंतरची ओवा-शेपेची धुरी टाळा. बंद खोलीतला निखाऱ्याचा धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट, आणि कार्बन मोनॉक्साइडने मोठी माणसंही गुदमरतात. रात्री मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावा. झोप यावी म्हणून घुटी, जायफळ, मध, पाणी यांतलं काहीही देऊ नका. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

झोपवायचं कुठे

उताणं, घट्ट सपाट गादीवर, आईबाबांच्याच खोलीत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती नको. जाड गोधडी, तक्के आणि गळ्यातला काळा धागा हेही रात्री दूर ठेवा. बाळ दिवसांच्या आधीचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, घरात कोणी धूम्रपान करत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, तर एका बिछान्यावर बाळ घेऊ नका. शेजारी वेगळी जागा करा. सोफ्यावर बसून पाजताना डुलकी येणं सर्वांत धोक्याचं, कारण बाळ कुशन आणि अंगाच्या फटीत सरकतं. झोप अनावर होत असेल तर सोफ्यापेक्षा साफ केलेला सपाट बिछाना बरा.

संध्याकाळचं रडं

सहा ते दहा या वेळात बाळ पाऊण-एक तासाने पितं आणि मध्ये किरकिरतं. दूध कमी पडतंय असा निष्कर्ष घाईने काढू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट नीट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. हे रडं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. तुमचा संयम संपत आला तर बाळ सुरक्षित जागी उताणं ठेवा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडून त्याला काही होत नाही. जोरात हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो.

रात्रीच डॉक्टर गाठायचे असे प्रसंग

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, पिणं सोडून देणं, उठवूनही न उठणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास किंवा बरगड्या आत ओढल्या जाणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं. सकाळची वाट पाहू नका, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

आईकडेही लक्ष ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत उगाच डोळे भरून येणं बहुतेकींना होतं. पण त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नसेल, तर हा नुसता थकवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, किंवा दोन-तीन रात्री झोपेची गरजच वाटत नसेल, तर तिला आणि बाळाला एकटं न सोडता त्याच रात्री दवाखान्यात न्या.