श्रद्धास्थानाच्या आधाराने आरोग्यसेवा करताना : रुग्ण खरे का सांगत नाही

मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा यांच्या आधाराने दुर्गम भागात आरोग्यसेवा सुरू करणाऱ्यांना रक्तदाब कसा मोजावा, हे सांगण्याची गरज नसावी. प्रशिक्षणात ज्याचा उल्लेखही होत नाही आणि ज्यात आमचे पथक दीर्घकाळ अडकले होते, तेवढेच येथे विस्ताराने लिहिते. ज्यांना लोक पूज्य मानतात, त्यांना ते आजाराविषयी खरे सांगत नाहीत.

“गोळ्या रोज घेता ना?” असे प्रार्थना सांगणाऱ्यानेच विचारले, की उत्तर “हो” असेच येते. त्यात लबाडी नसते; ज्यांच्यापुढे हात जोडले त्यांना नाराज कसे करायचे, हा संकोच असतो. मग वहीत ‘औषध नियमित’ अशी नोंद होते, रक्तदाब मात्र 160/100 भरतो आणि डॉक्टर साहजिकच मात्रा वाढवतात. पुढे एखाद्या दिवशी रुग्ण वाढवलेल्या सगळ्या गोळ्या खरोखरच घेतो आणि चक्कर येऊन पडतो. क्षयरोगात धोका याहून मोठा असतो. नेहमीचा उपचार साधारण 6 महिन्यांचा असला, तरी काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, नवस फळला असे घरच्यांना वाटते आणि औषध थांबते. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून विचारण्याची पद्धतच बदलावी. “गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?” असे विचारले, म्हणजे गोळी राहून जाऊ शकते हे आपणच मान्य केलेले असते. मागच्या वेळच्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणायला सांगाव्यात आणि त्या हातात घेऊन पाहाव्यात. महिना उलटूनही पट्टीवरचे बहुतेक फुगे न फुटलेले दिसले, तर रागावू नये. एकदा रागावलात, की पुढच्या वेळी पट्टी घरीच राहते.

प्रार्थना सांगणाऱ्याच्या हाती तपासणीची वही देऊ नये, याबाबत मी हट्टी आहे. प्रार्थना तपासणीनंतर, वेगळ्या जागी आणि रुग्णाने मागितली तरच व्हावी. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेतही मदतीचा वापर धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे नेण्यासाठी करू नये, असे म्हटले आहे. 1970 मध्ये जामखेडला काम सुरू करणारे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य ख्रिस्ती श्रद्धेतून आलेले होते. तरी गावोगावचे आरोग्यकाम त्यांनी तिथल्याच स्त्रियांकडे सोपवले, ज्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. शेजारणीशी बोलताना जीभ मोकळी सुटते, हे उघड आहे.

एकदिवसीय प्रशिक्षण शिबिरांविषयी माझे मत वाईट आहे आणि हारतुरे स्वीकारणाऱ्या मार्गदर्शकांविषयी त्याहून वाईट. शिकायचेच असेल, तर सरकारी दवाखान्यातल्या जुन्या परिचारिकेच्या मागे चार महिने फिरावे.

तरीही धर्मगुरूंना दूर ठेवावे, असा याचा अर्थ नाही. 2014 च्या पश्चिम आफ्रिकेतील इबोला साथीत सुरक्षित दफनाची पद्धत लोकांच्या गळी उतरवण्यात इमाम आणि पाद्री यांचा मोठा वाटा होता. आपल्याकडच्या धर्मगुरूंनीही सर्वांसमोर “प्रार्थना करा आणि गोळीही चुकवू नका” एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. उपवासाचा काळ येण्यापूर्वी इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना भेटावे, हेही त्यांच्याच तोंडून जाहीर करून घ्यावे. कोण इन्सुलिन घेते, ती यादी मात्र त्यांना देऊ नये.