फेझ, कैरुआन, कैरो: नाशिकहून गाइडेड टूरला जाणार असाल तर

युरोप झालं, दुबई-थायलंड झालं, आता मोरोक्को नाहीतर इजिप्त करू म्हणणारे नाशिकमधे हल्ली बरेच भेटतात, आणि बहुतेकांच्या हातात एकच छापाचं पॅकेज असतं, १२ दिवसांत मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त सगळं. ते आधी बाजूला ठेवा. नकाशात हे देश शेजारी शेजारी दिसतात पण मधे अल्जीरिया आणि लिबिया आहेत, आणि मोरोक्को-अल्जीरियाची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंदच आहे, म्हणजे प्रत्येक वेळी विमान, प्रत्येक वेळी अर्धा-एक दिवस एअरपोर्टवर. एका टूरला एक देश, फार तर दोन. मला विचाराल तर पहिल्यांदा फक्त मोरोक्को करा, फेझला पूर्ण तीन दिवस द्या, मराकेशला दोन, बाकी शहरं गेली तर जाऊ द्या.

इतिहासाची आवड असेल त्यांच्यासाठी दुसरा रूट ट्युनिशियातली ट्युनिस आणि कैरुआन ही शहरं आणि मग कैरो. यात एक छान धागा आहे. कैरुआन ६७० मधे उक्बा इब्न नाफीने वसवलं. तिथून पुढे काही कुटुंबं फेझला जाऊन स्थायिक झाली आणि त्यातल्याच एका घरातल्या फातिमा अल-फिहरी या बाईने ८५९ मधे फेझमधली अल-करावियीन मशीद बांधली असं परंपरा सांगते, तिथूनच पुढे मोठं विद्यापीठ उभं राहिलं. आणि ट्युनिशियात राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याच्या सैन्याने ९६९ मधे इजिप्त घेऊन नवीन राजधानी वसवली, तेच आजचं कैरो. म्हणजे कैरुआन मधोमध ठेवलं की फेझ आणि कैरो, दोन्हीकडची शहरं समजायला लागतात, पण पॅकेजवाले नेमकं तेच गाळतात कारण तिथे बीच नाही.

आता गाइडचं. जुन्या शहराला तिकडे मदिना म्हणतात आणि फेझच्या मदिनात गाडी जातच नाही, हजारो गल्ल्या, काही इतक्या अरुंद की दोन माणसं आडवी होऊन जातात, मोबाईलचा मॅप तिथे गोंधळतो, सामान गाढवावरून जातं आणि मागून कोणी ‘बालाक, बालाक’ म्हणजे ‘बाजूला व्हा’ असं ओरडलं की निमूट भिंतीला चिकटायचं. अशा ठिकाणी गाइड हवाच, पण सरकारी लायसन्सवालाच घ्या, त्याच्याकडे बॅज असतो, तो बघायला मागा, त्यात लाजायचं काही नाही. रस्त्यात एखादा पोरगा येऊन ‘हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो’ म्हणाला तर हसून पुढे चालायचं, रस्ता बंद नसतो.

लायसन्सवाला गाइड मिळाला तरी बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्या की दिवसात किती दुकानं आहेत. गालिचा, चामडं, मसाले, अर्गन तेल, प्रत्येक ठिकाणी चहा देऊन तासभर बसवतात आणि विक्रीवर कमिशन असतं. आमच्या ग्रुपला एका टूरवाल्याने ‘हेरिटेज वॉक’ म्हणून नेलं आणि सकाळचा अर्धा भाग गालिचे उलगडण्यातच गेला, ग्रुपमधल्या काका-काकूंना वाटलं घेतलं नाही तर वाईट दिसेल. काही वाईट दिसत नाही. एक दुकान चालेल, त्याहून जास्त नको, असं आधीच स्पष्ट सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

गाइडला अजून एक सांगा की मदिना कशी रचलीय ते चालता चालता दाखव. मधोमध मोठी मशीद, तिच्या लगत पुस्तकं, अत्तर, मसाले असे स्वच्छ धंदे, मग कापड, धातू, आणि वास मारणारे, पाणी लागणारे धंदे पार कडेला नदीजवळ. प्रत्येक वस्तीत मशीद, हमाम म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, पाण्याचा कारंजा आणि सगळ्यांची मिळून एक भट्टी जिथे घरून मळलेल्या भाकऱ्या भाजायला आणतात. एकदा हे डोक्यात बसलं की ट्युनिसमधेही तुम्ही वासावरून सांगाल मशीद जवळ आली का लांब गेली.

फेझमधे सफारीन चौक अजिबात सोडू नका. अल-करावियीनच्या लायब्ररीचं दार या चौकात आहे आणि समोर कारागीर मोठमोठी तांब्याची पातेली ठोकत बसलेले असतात, आपल्या तांबट आळीतून गेल्यासारखाच ठोक्यांचा आवाज. गाइड फोटो काढून पुढे नेतो, त्याला थांबवा, समोरच्या चहाच्या टपरीवर पुदिन्याचा चहा घ्या आणि एखाद्या पातेल्याचा काठ वळेपर्यंत बघत बसा. शुआरा टॅनरी, म्हणजे चामडं कमावायची जागा, बघायला आजूबाजूच्या दुकानांच्या गच्चीवर जावं लागतं, दारातच पुदिन्याची काडी हातात देतात, ती नाकाला लावायचीच. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतराची विष्ठा असते, त्यातल्या अमोनियाने चामडं मऊ पडतं, रंगाचे हौद वेगळे. सकाळी गेलात तर काम चालू दिसतं.

बू इनानिया मदरसा १३५० च्या दशकातला आहे आणि तिथे आपल्याला आत जाता येतं. भिंत खालून वर वाचायची, खाली रंगीत फरशांची नक्षी, मधे कोरलेला चुन्याचा गिलावा, वर देवदाराचं लाकूड. मशिदींचं मात्र आधीच माहीत असू द्या, मोरोक्कोत मुस्लिम नसलेल्यांना जवळपास कुठल्याच मशिदीत सोडत नाहीत, दारातून अंगण दिसतं तेवढंच. अपवाद कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद, १९९३ ची, तिथे गाइडेड टूर असते. कैरुआनच्या मोठ्या मशिदीत अंगणापर्यंत जाता येतं, तिथले खांब बघा, बरेचसे जुन्या रोमन इमारतींमधून उचलून आणलेत म्हणून एकासारखा दुसरा नाही. कैरोत अल-अझहर, इब्न तुलून, सुलतान हसन या मशिदींत नमाजाची वेळ सोडून जाता येतं, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. कैरोच्या टूरमधे पिरॅमिड आणि म्युझियमला दिवस जातात आणि जुन्या शहराला खान अल-खलीली बाजारात तासभर शॉपिंग एवढंच मिळतं, तेव्हा जुन्या शहरातला अल-मुइझ रस्ता बाब अल-फुतूह या वेशीपासून बाब झुवैला या वेशीपर्यंत पायी करायचाय असं आधी लिहून द्या.

खाण्याचं टेन्शन शाकाहारी लोकांना असतंच. मोरोक्कोत झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं भरीत टाइप, बिसारा म्हणजे बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) डाळीचं घट्ट सूप वरून ऑलिव्ह तेल आणि जिरं, आणि ताजी भाकर. भाज्यांचा कुसकुस (वाफवलेल्या रव्याच्या बारीक कण्या) मागवताना रस्सा मटणाचा नाही ना विचारा, नुसतं ‘ब्ला ल्हाम’ (मटण नको) म्हटलं तर तुकडे काढून तोच रस्सा वाढतात. इजिप्तमधे कोशारी आहे, भात-मसूर-मॅकरोनी-छोले वर तळलेला कांदा, पोट भरतं आणि स्वस्त. तरी पिशवीत चिवडा असू द्याच.

जायचं मार्च ते मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर, जुलै-ऑगस्टमधे मराकेश भाजून काढतं. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो, तारीख बघूनच बुक करा, आणि शुक्रवारी दुपारी फेझची बरीच दुकानं बंद असतात म्हणून तो दिवस वोलुबिलिसच्या रोमन अवशेषांना द्या. विमान मुंबईहून, बहुतेक आखाती शहरात बदलून. व्हिसाचे नियम बदलत राहतात, दूतावासाच्या साइटवरच बघा, ओळखीच्याने मागच्या वर्षी काय केलं ते चालेलच असं नाही. आई-वडिलांना नेणार असाल तर आधी पांडवलेणीच्या पायऱ्या एकदा चढवून बघा, फेझमधे चढउतार फार आहे आणि दगड गुळगुळीत, तेव्हा नवीन बूट नको, घातलेले नेहमीचे. पैसे युरो किंवा डॉलरमधे न्या, मोरोक्कोचे दिरहाम तिकडेच घ्या, आणि ट्युनिशियाचे दिनार देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे बदलल्याची पावती जपून ठेवा आणि उरलेले एअरपोर्टवर आत जायच्या आधी बदला.