कढई चढवण्याआधी

दिवाळीचा फराळ घरी तळणाऱ्या आणि त्याच दिवसांत घरात पाहुण्यांचा राबता असणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवते आहे. गेल्या वर्षी धनत्रयोदशीला आमच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला. माणसं सुखरूप राहिली. पण जी वस्तू हाताशी असती तर सगळं दहा सेकंदांत निवलं असतं, तीच मी काढून ठेवली नव्हती. झाकण.

आठवडाभर आधी गॅसची नळी बघा. नारंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायची, आणि भेग दिसली तर तारखेची वाट बघायची नाही. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, काडी ओढून बघू नका. चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात सोडा घालून धुवा. आमच्या ज्वाळा चिमणीपर्यंत पोचल्या होत्या. आदल्याच रविवारी जाळ्या धुतल्या होत्या म्हणून आग तिथे थांबली, नाहीतर साचलेलं तेल पेटलं असतं.

आता झाकण. तळणीच्या कढईला स्वतःचं झाकण नसतं. दुकानातून नुसती कढईच घरी येते. पातेल्यांवर आपण सवयीने झाकण ठेवतो, तळणावर कधीच नाही, त्यामुळे ऐन वेळी ते सुचतही नाही. म्हणून गार कढई ओट्यावर ठेवा आणि घरातलं काय काय तिच्यावर नीट बसतं ते करून बघा. कढईपेक्षा दोन बोटं मोठी स्टीलची परात पालथी घालून चालते, सपाट काठाचं जाड ताटही चालतं. जाळीचं नको, वाफेचं भोक असलेलं नको, काचेचं नको. कडेने फट राहता कामा नये. ते झाकण ओट्यावर अशा बाजूला ठेवा, की घेताना ज्वाळेवरून हात न्यावा लागणार नाही. आणि तळण संपेपर्यंत त्यात काहीही काढायचं नाही. अगदी काहीही नाही.

माझं नेमकं तिथेच चुकलं. चकलीचा तिसरा घाणा निघाला होता. सोऱ्या भरायचा म्हणून गॅस तसाच ठेवला आणि बेल वाजली. नणंद, तिची मुलं, हातात डबे. "आलेच" म्हणून मी दारात गेले आणि बोलत उभी राहिले. परतले तेव्हा तेलातून निळसर धूर निघत होता, आणि मी ओट्याजवळ पोचेपर्यंत ते पेटलं. यांनी पाण्याचा तांब्या उचलला. मी ओरडून त्यांचा हात धरला. मोठी परात समोरच होती, पण तिच्यात दोन किलो चिवडा पसरून ठेवलेला. तो सगळा फरशीवर उपडा केला आणि परात कढईवर घातली. ते काही क्षण मला अजून आठवतात.

त्या तांब्यामुळे काय झालं असतं, ते घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, आधीच सांगून ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि त्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची सतराशे लिटरच्या आसपास वाफ. ती वर उसळताना पेटतं तेल छतापर्यंत उडवते. म्हणून पाणी नाही, ओला टॉवेल नाही, आणि कढई उचलून बाहेर पळायचं तर अजिबात नाही. बटणापर्यंत हात पोचत असेल तर गॅस बंद करायचा. झाकण ढालीसारखं पुढे धरून आपल्या बाजूने पलीकडे सरकवायचं. आणि मग ते उचलायचं नाही! मी मिनिटभरात उचलून पाहिलं आणि ज्वाळा पुन्हा उठली. तेल पूर्ण गार होईपर्यंत, तास-दीड तास लागला तरी, झाकण तसंच राहू द्या.

तळण साधारण 180 अंशांना होतं, रिफाइंड शेंगदाणा तेल 230 च्या आसपास धुरकटायला लागतं, गाळून पुन्हा घेतलेलं त्याआधीच. धूर दिसला की गॅस बंद, घाणा बिघडला तरी चालेल. बेल वाजली तरी आधी गॅस बंद, मग दार. चकल्या वर्तमानपत्रावर पाडून तो कागद शेगडीशेजारी ठेवायची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. ओढणी खोचलेली, पदर कमरेला. सुती कपडे.

गॅलरीत खाली बसून तळणाऱ्यांनो, शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर तिच्या शेजारी, असं करू नका. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करा.

पाहुण्यांचा दिवस. कुंभारवाड्यातून आणलेल्या पणत्या आधी पाण्यात भिजवा, म्हणजे तेल झिरपत नाही. ताटलीत ठेवा, पडद्यापासून लांब, लहान मुलांचे परकर फिरतात तिथे नको. आकाशकंदिलात एलईडी दिवा. तापकीर गल्लीतून आणलेल्या चार माळा एकाच मल्टिप्लगवर नकोत. जिन्यातल्या चपला-सायकली हलवा. सोसायटीच्या फाटकात पाहुण्यांची गाडी लावू देऊ नका, बंब आत येणार कुठून?

आग हाताबाहेर गेली तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, लिफ्ट वापरायची नाही, 101 ला फोन. भाजलं तर बांगड्या-अंगठ्या काढून वीस मिनिटं वाहत्या नळाखाली. टूथपेस्ट, बर्फ नाही.

फटाके मोकळ्या जागी, पाण्याची बादली शेजारी. रात्री रेग्युलेटर बंद. कढईतलं तेल सकाळी गाळायचं, तोवर तिच्यावर झाकण.