रात्री नऊला खिडक्या मोजा

कोल्हापूर-नागपूरकडून नवी मुंबईत गुंतवणुकीसाठी पहिला फ्लॅट बघायला येणारे बहुतेक जण रविवारी दुपारी एजंटाच्या गाडीतून फिरतात. त्या वेळी उलवे काय, खारघर काय, सगळंच छान दिसतं. त्यापेक्षा एखाद्या मंगळवारी रात्री नऊला एकटेच जा आणि इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. निम्मी इमारत अंधारात असेल, तर भाडेकरू मिळायला तुम्हालाही वाट बघावी लागेल. मग वॉचमनला चहा पाजून विचारा: पाणी किती तास येतं, टँकर लागतो का, टू बीएचकेला भाडं खरंच किती मिळतं? एजंटाचा आकडा आणि वॉचमनचा आकडा क्वचितच जुळतो.

हिशेब वॉचमनच्या आकड्यावर करा. समजा, फ्लॅट ६० लाखांचा आणि भाडं १५,००० आहे. वर्षाचे १,८०,००० झाले. मेंटेनन्सचे महिना ३,००० वजा केले की उरतात १,४४,०००, म्हणजे जेमतेम २.४ टक्के. विमानतळ, अटल सेतू वगैरे ऐकताना हा आकडा खिशात असू द्या. त्यांचा भाव विक्रेत्याने आधीच लावलेला असतो.

कागदांत महारेरा क्रमांक (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे प्रकल्पाची नोंदणी) आणि ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) बघाच. शिवाय जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतर शुल्क कोण भरणार हे टोकन देण्याआधी लिहून घ्या.