गाडीसाठी पहिला सॅटनॅव्ह घेताना या चुका टाळा

ओळखीत कोणी नवा सॅटनॅव्ह, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र, घेतला की काही दिवसांनी तो माझ्याकडे येतो. "जरा बघ ना, भलतीकडेच नेतोय." उघडून बघावं तर यंत्र ठणठणीत. घोळ झालेला असतो तो घेताना, नाहीतर घाईघाईत लावताना. तेच ते घोळ इतक्यांदा निस्तरलेत की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

त्याआधी एक. तुमचं जाणं-येणं बहुतेक शहरातल्या शहरात असेल, रेंज असेल आणि फोन स्टँडवर लावायची तयारी असेल, तर सॅटनॅव्ह घेऊच नका. फोन पुरतो. रेंज नसलेल्या भागात वरचेवर जाणं होतं, फोन कामासाठी मोकळा हवा असतो, किंवा एकच गाडी घरातले दोघं-तिघं चालवतात, यातलं काही असेल तरच पुढे वाचा.

पडद्यावर सढळ, नकाशावर चिकट

स्वस्त यंत्र घेण्यात वावगं काही नाही. मी स्वतः स्वस्तातलंच सुचवतो. पण पैसे कुठे वाचवायचे याचा हिशोब लोक नेमका उलटा करतात. मोठा पडदा बघतात, खोक्यावरची वैशिष्ट्यं मोजतात आणि नकाशा कोणाचा, किती जुना, पुढे मिळणार का, हे विचारतच नाहीत.

उपग्रहांकडून तुमची जागा शोधायचं काम आज सगळीच यंत्रं जवळपास सारखं करतात. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्राला जागा कळते, तीही काही मीटरच्या फरकाने. सामान्य लोकांसाठीच्या संदेशात अमेरिका मुद्दाम मिसळत असलेली चूक 2 मे 2000 रोजी बंद झाली, तेव्हापासून ही अचूकता सगळ्यांनाच फुकट आहे. त्यामुळे खोक्यावर 'अत्यंत अचूक जीपीएस' छापलेलं दिसलं तर ती ओळ सोडून पुढे वाचा. उपग्रहांकडून मिळतात ते नुसते आकडे. त्या आकड्यांच्या जागी रस्ता आहे, तो एकेरी आहे आणि पुढच्या चौकात उजवीकडे वळायला बंदी आहे, हे नकाशा सांगतो. म्हणजे पैसे द्यायचे ते नकाशाचे.

आमच्या दाजींनी असंच एक बिननावाचं सात इंची यंत्र घेतलं. खोक्यावर जगभरचे नकाशे, आजीवन मोफत अपडेट, ट्रॅफिक, ब्लूटूथ, वर व्हिडिओ बघायची सोय. "नाव असलेल्या कंपनीच्या निम्म्यात पडलं," हे त्यांनी मला किमान चारदा ऐकवलं. पहिल्याच लांबच्या प्रवासात मी शेजारी बसलो होतो. गाडी नव्या बाह्यवळण रस्त्यावर चढली आणि पडद्यावर आमचा बाण रस्ता सोडून फिकट पिवळ्या रिकाम्या जागेत शिरला. वर रस्त्याचं नाव नाही, बाजूला गाव नाही, नुसता बाण सरकतोय. दर मिनिटाला बाई खणखणीत आवाजात सांगतायत, "शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या." दाजी बिचारे दर वेळी आरशात बघायचे.

मुक्कामी पोचल्यावर सेटिंगमध्ये जाऊन नकाशाची आवृत्ती बघितली. कित्येक वर्षं जुनी. अपडेटच्या पत्त्यावर एक फाइल होती, ती म्हणजे आत असलेलाच नकाशा पुन्हा. कुणाचं तरी सॉफ्टवेअर उचलून त्यात भरलेलं होतं, मग अपडेट देणार कोण? आतली मेमरी नकाशांनीच गच्च भरलेली, कार्डाची खाच नाही. ट्रॅफिकचं विचारलं तर विकणाऱ्याचं उत्तर, "सोय आहे, रिसीव्हर वेगळा घ्यावा लागतो." यावर औषध एकच होतं, ते यंत्र बाजूला ठेवणं. दाजींनी अजून टाकलेलं नाही, त्यावर व्हिडिओ बघतात.

'आजीवन' या शब्दावर फार विसंबू नका. जीवन यंत्राचं, तुमचं नव्हे, आणि ते किती ते कंपनी ठरवते. चांगल्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. टॉमटॉमने 2018 मध्ये काही जुन्या मॉडेलांना यापुढे नकाशे मिळणार नाहीत असं जाहीर केलं, तेव्हा आजीवन नकाशे घेतलेले ग्राहकही त्यात सापडले. म्हणून माझी सवय सांगतो. मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यायचा आणि विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर त्याला अपडेट चालू आहेत का ते बघायचं. मग दुकानातच यंत्र सुरू करून दोन-तीन जागा शोधायच्या: अलीकडे झालेला एखादा रस्ता, मला ठाऊक असलेली एकेरी गल्ली आणि घर क्रमांकासकट एक आडवळणाचा पत्ता. एवढ्यात दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. हे करू देत नसतील तर मी तिथून घेत नाही.

पडद्याचं म्हणाल तर पाच इंच पहिल्या यंत्राला भरपूर झाले, काच मोठी असेल तर सहा. सात इंची यंत्र छोट्या गाडीत लावलं की समोरचा कोपरा झाकतो. त्याऐवजी लेन दाखवणारं आणि रस्त्याचं नाव वाचून दाखवणारं यंत्र घ्या. नुसतं "दोनशे मीटरवर डावीकडे" म्हणणारं यंत्र जवळजवळ दोन डावी वळणं आली की काहीच उपयोगाचं नाही.

निघायच्या आदल्या रात्री अपडेट

यावर माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं. यंत्र महिनाभर खोक्यात पडून असतं आणि सकाळी निघायचं म्हटलं की रात्री साडेदहाला त्याला लॅपटॉप जोडला जातो. नकाशाची फाइल कित्येक गिगाबाइटची असते. ती आधी संगणकावर उतरते, मग तिथे उलगडते आणि नंतर हळूहळू यंत्रात जाते, म्हणजे संगणकावरही फाइलच्या दुपटीहून जास्त जागा मोकळी लागते. हे एका मित्राला सांगितलेलं होतं. तरी त्याने रात्रीच सुरू केलं. पट्टी नव्वदच्या पुढे जाऊन अडकली. ती तिथे नेहमीच रेंगाळते, कारण शेवटी यंत्र सगळं तपासून बघतं. याला वाटलं लटकलं, म्हणून केबल उपसली. त्यानंतर यंत्र सुरू व्हायचं, कंपनीचं चिन्ह दाखवायचं, बंद व्हायचं, पुन्हा चिन्ह. निघायच्या सकाळी फोन मला.

असं झालंच तर घाबरून दिसेल ती बटणं दाबू नका. आधी पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. मग कंपनीच्या प्रोग्राममधून दुरुस्तीचा पर्याय घ्या, बहुतेकांत तो असतो. मित्राचं यंत्र असंच परत सुरू झालं, पण नकाशा पहिल्यापासून उतरवावा लागला आणि निघायला दुपार झाली.

मी अपडेट सुट्टीच्या सकाळी लावतो. लॅपटॉप चार्जरवर, झोपेत जाण्याची सेटिंग बंद, केबल यंत्रासोबत आलेलीच आणि थेट लॅपटॉपला, मध्ये हब नाही. सुरुवातीला यंत्रातल्या सगळ्या फाइलींची प्रत संगणकावर काढून ठेवतो. मेमरी कमी पडत असेल तर अख्ख्या खंडाचा नकाशा न घेता लागतो तेवढाच प्रदेश निवडतो. आणि पट्टी हलत नसली तरी हात लावत नाही.

"सिग्नलच पकडत नाही!"

नवं यंत्र, तळमजल्यावरचं पार्किंग, इंजिन सुरू, गाडी गेटबाहेर आणि लगेच तक्रार. अहो, त्याला आभाळ तर दिसू द्या. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती साधारण चार तास चालते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. नवं किंवा बरेच दिवस बंद असलेलं यंत्र हे सगळं नव्याने गोळा करत असतं. त्यात गाडी इमारतींमधून पळवली की संदेश मध्येच तुटतो आणि तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वेळी मोकळ्या जागेत गाडी उभी करून पंधरा मिनिटं थांबा. एवढा धीर नसेल तर यंत्राला नावं ठेवू नका.

एवढं करूनही उपग्रह दिसत नसतील तर काच तपासा. ऊन अडवणाऱ्या काही काचांवर धातूचा पातळ थर असतो आणि तो संदेशही अडवतो. अशा बऱ्याच काचांना आरशाच्या मागे बिनथराचा तुकडा ठेवलेला असतो. यंत्र तिथे धरून बघा.

केबल कुठलीही चालते हा गैरसमज

काही यंत्रं फोनच्या साध्या यूएसबी केबलने जोडली की संगणकाला लावल्यासारखी वागतात: नकाशा गायब, पडद्यावर संगणकाचं चित्र. त्यांच्या गाडीच्या केबलमध्ये एक वेगळी जोडणी असते, तिच्यावरून यंत्र ओळखतं की आता रस्ता दाखवायचा आहे. एफएमवरून ट्रॅफिक घेणाऱ्या यंत्रांत तर रिसीव्हर त्या केबलमध्येच असतो. स्वस्तात दुसरी केबल घेतली की ट्रॅफिक गेलं. जुनं यंत्र घेताना मूळ केबल सोबत नसेल तर भाव निम्मा झाला असं मी धरतो.

थोडक्यात उरलेल्या

अक्षांश-रेखांश टाकताना पद्धत बघा. 30 मिनिटं म्हणजे अर्धा अंश, दशांशात .5. लोक सरळ .30 टाकतात. अक्षांशात ही चूक झाली की तुम्ही 22 किलोमीटर भलतीकडे.

'सर्वांत जवळचा रस्ता' बंद करा, 'सर्वांत लवकर पोचणारा' ठेवा. कच्चे रस्ते टाळण्याची खूणही लगेच करून टाका.

एकाच नावाची गावं अनेक असतात. रस्ता सुरू करण्याआधी एकूण अंतरावर नजर टाका.

सक्शन कप पडतो कारण काच तेलकट असते. काच पुसून कोरडी करा आणि यंत्र खालच्या कोपऱ्यात लावा, एअरबॅगच्या वाटेत नाही.

उन्हात काचेला यंत्र लावून गाडी बंद करून जाऊ नका. बॅटरी फुगते, आणि चोराला आमंत्रण ते वेगळंच.

सॅटनॅव्हचा वेग आणि गाडीच्या काट्याचा वेग जुळत नाही म्हणून यंत्र परत करू नका. काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो.

कॅमेऱ्यांची सूचना देणारं यंत्र परदेशात नेण्याआधी तिथला नियम बघा. स्वित्झर्लंडमध्ये त्याला बंदी आहे.

उंच वाहनाला कारचा सॅटनॅव्ह लावू नका. त्याला तुमची उंची माहीत नसते आणि पुलाची माहीत असून उपयोग नाही.

वापरलेलं यंत्र घेताना

पहिलं यंत्र म्हणून वापरलेलं घ्यायला हरकत नाही, पण सुरू करून उपग्रह पकडल्यावर त्यावरची तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि 1024 झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करतं. असं शेवटचं 6 एप्रिल 2019 च्या रात्री झालं. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नाही, ती तारीख साडेएकोणीस वर्षांहून थोडी अधिक मागची दाखवतात. तारीखच चुकली तर पोचण्याच्या वेळेचा हिशोब बिघडतो, काही यंत्रांना उपग्रह शोधायलाही त्रास होतो. सुधारित सॉफ्टवेअर मिळत नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

बॅटरी संपलेली असेल तर चालेल, गाडीत ते केबलवरच असतं. पडदा मात्र चारही कोपऱ्यांत दाबून बघा. दाबावर चालणाऱ्या जुन्या पडद्यांवर कडेची अक्षरं लागत नाहीत. आणि घेतल्यावर आधी फॅक्टरी रीसेट करा, कारण 'घर' या बटणाखाली आधीच्या मालकाचा पत्ता हमखास सापडतो. तुमचं घर साठवतानाही दाराचा पत्ता देऊ नका, जवळचा चौक द्या. तिथून पुढे तुम्हाला रस्ता माहीत आहे.