गोल मोजून मतं मिळत नसतात

परवा मैदानावर बूट काढता काढता तू विचारलंस, "सर, ग्रामपंचायतीला वॉर्डातून उभं राहू का?" राहा की. पण मी एकदा उभा राहून आपटलेलो आहे, म्हणून लिहून देतो.

आधी कागदं. वय 21 पूर्ण पाहिजे, मतदार यादीत नाव पाहिजे. तुझा जन्म 1995 नंतरचा, तवा सातवी पासचा दाखला काढून ठेव. जागा राखीव निघाली तर जात पडताळणी लागते. त्याच्यामागं आत्तापासूनच लाग, ऐन वेळी तालुक्याला पळून काही होत नसतं. थकबाकी असली तर भरून टाक. आन् 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालेल्याला उभंच राहता येत नाही. तुझं तर अजून लग्नच नाही, ते सोड.

आता जॉर्ज विया. आफ्रिकेतल्या लायबेरियाचा फुटबॉलवाला, राजधानी मोनरोव्हियाच्या झोपडपट्टीत वाढलेला गडी. सगळ्यात भारी फुटबॉलपटूला देतात तो बॅलन डी'ऑर, 1995 चा त्याचा. आफ्रिकेच्या दुसऱ्या कुण्या देशाच्या खेळाडूला तो अजून मिळालेला नाही. असला माणूस 2005 ला लायबेरियाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढं, दुसऱ्या फेरीत एलेन जॉन्सन सरलीफबाईंनी पाडला. बाई हार्वर्डला शिकलेल्या, अन् ह्याच्या शिक्षणावर लोकांनी बोट ठेवलं. मग ह्यानं राहिलेली शाळा पुरी केली, पदवी घेतली. 2011 ला उपाध्यक्षपदाला पुन्हा पडला. 2014 ला सिनेटर झाला, 2018 च्या जानेवारीत अध्यक्ष. आपला फुटबॉलचा जुना कॅप्टन भायचुंग भुतिया 2014 ला दार्जिलिंगला पडला, 2016 ला सिलिगुडीला. सेल्फीला गर्दी किती झाली असेल, विचार कर.

माझं काय चुकलं? पारावर बसून मी जिल्ह्याच्या फायनलचा गोल सांगत राहिलो. वस्तीवरची म्हातारी म्हणली, "गोल राहू दे बाबा, टँकर कवा येतंय?" मला सांगताच आलं नाही. तू वही घेऊन फिर. कुठला हापसा बंद, कुठली विजेची डीपी जळाली, कुणाचं सोयाबीनचं अनुदान अडकलं, घरनिहाय लिही. नुसतं लिहू नको, फॉर्म भरायच्या आधी त्यातली दोन-चार कामं करून दाखव.

मतदानाच्या दिवशी बूथवर तुझा बॅक बसव, फॉरवर्ड नको. जागचा न हलणारा पाहिजे.

आन् खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा, पडलेल्यानंसुद्धा. नाही दिला तर पुढं उभं राहायचे वांधे होतात. मी तोंड लपवून घरात बसलो होतो, माझा हिशेब तहसीलला बायकोनं नेऊन दिला.